आहेराची वही आणि दुखवट्याचे टॉवेल

महोदय,

तुळशीचे लग्न लागले की आमच्या खटाव तालुक्यात पत्रिका वाटणाऱ्यांच्या मोटारसायकली गावोगाव फिरू लागतात आणि तेव्हापासून थेट आषाढापर्यंत घरोघरी रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो, तो म्हणजे अमक्याच्या लग्नाला आहेर किती करायचा. लग्नातील उधळपट्टीवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते सगळे यजमानाच्या खर्चाविषयी असते. मांडवाच्या दारात पाकीट घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याच्या खिशाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी एका सहकारी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये तेहतीस वर्षे नोकरी केली आणि अक्षर बरे असल्याने जवळजवळ तितकीच वर्षे गावातील व भावकीतील लग्नांत आहेराच्या वहीवर बसलो. या दोन्ही कामांत जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपण लग्नात ऐपतीपेक्षा जास्त देतो, मयताच्या घरी गरजेपेक्षा फार कमी देतो आणि तिथे जे देतो तेही त्या घराच्या उपयोगी पडत नाही. हे उलट व्हायला हवे, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे.

आहेराची प्रथा मुळात वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या बहिणीच्या १९७८ सालच्या लग्नाची वही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. लाल कापडी बांधणीची लांबट वही, पहिल्या पानावर कुलदैवताचे नाव आणि हळदीकुंकवाची सुकलेली बोटे. नाव, गाव, रोख आणि जिन्नस असे चार रकाने वडिलांनी पट्टी धरून आखले आहेत. रोख रकान्यात दोन, पाच, अकरा असे आकडे आहेत. एकवीस रुपये फक्त दोघांचे, त्यांतले एक आमचे मामा. जिन्नसांचा रकाना मात्र भरगच्च आहे : तांब्या, परात, पितळी कळशी, वाट्या पाच, जोंधळे दोन पायली, गुळाची ढेप. शेवटच्या पानावर वडिलांनी वाण्याची बाकी, मांडववाला, वाजंत्री ही देणी एकाखाली एक मांडून ती आहेरातून कशी भागली याचा हिशेब लिहिला आहे. ज्याच्या घरी कार्य त्याला सगळ्यांनी थोडा थोडा हात लावायचा, उद्या आपल्याकडे कार्य निघाले की तेच हात आपल्या दारात येतील, अशी ती बिनव्याजी भिशी होती. देणारा आपल्या घरात काय आहे ते पाहून देत होता, आणि नव्या संसाराला काय लागेल तेही पाहत होता. नाव घातलेली ती कळशी बहिणीच्या घरी अजून वापरात आहे.

पुढे मांडवात माइक आला आणि आहेर पुकारला जाऊ लागला, तेव्हापासून हे बिघडत गेले. काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मी वहीवर बसलो होतो. मजुरीवर जाणारा एक ओळखीचा माणूस शंभराची नोट घडी करून मुठीत घेऊन आला. माझ्यापुढच्या पानावर त्याच्या आधीच्या सात-आठ ओळींत पाचशे एक, पाचशे एक असे आकडे लागून होते आणि मागे एक जण तेच आकडे नावागावासकट माइकवर पुकारत होता. त्याची नजर त्या ओळींवरून खाली आली. “आण्णा, माझं नाव जरा थांबून लिवा,” असे म्हणून तो गर्दीत शिरला आणि पाच मिनिटांनी मेहुण्याकडून पाचशेची नोट उसनी घेऊन परतला. वरचा रुपया तेवढा त्याच्या खिशातला होता. मी पाचशे एक लिहिले आणि ते पुकारलेही गेले. त्या नोटेसाठी त्याला जवळजवळ दोन दिवस दुसऱ्याच्या रानात राबावे लागणार होते, हे मला त्या क्षणी पक्के ठाऊक होते, आणि तरीही मी त्याला अडवले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

हा एकट्याचा प्रसंग नव्हे. लग्नसराईच्या दिवसांत पिग्मीचे, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरण्याचे, खाते मुदतीआधी मोडायला येणाऱ्यांची आमच्या शाखेत रांग लागत असे आणि कारण विचारले की, “पाहुण्यांत लग्नं हायती,” हेच उत्तर मिळे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. शेतकऱ्याच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. कधीतरी येणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बी-बियाणे, बैल, शेतसारा यांसाठी पुन्हा पुन्हा होणारी लहान लहान उचल त्याला अधिक बुडवते, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. आजचा आहेर हा नेमका अशाच पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान खर्चांत जाऊन बसला आहे. स्वतःच्या मुलीचे लग्न आयुष्यात एकदा-दोनदा येते आणि त्यासाठी माणूस दहा वर्षे तयारी करतो. दुसऱ्यांच्या लग्नांचे पंधरा-वीस आहेर मात्र दरवर्षी येतात आणि त्यांची तरतूद कोणीच केलेली नसते.

रक्कम ठरते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. घरात वही काढली जाते, “त्यांनी आपल्याकडे किती केला होता” हे शोधले जाते आणि त्यावर थोडी भर घातली जाते. याला आमच्याकडे आहेर फेडणे म्हणतात. शब्दच कर्जाचा आहे. घटकाभर हे कर्ज आहे असे मानले, तरी हिशेब जुळत नाही. प्राप्तिकर खाते भांडवली नफ्याच्या आकारणीसाठी दरवर्षी महागाईचा निर्देशांक जाहीर करते. २००१-०२ साली तो १०० धरलेला आहे आणि २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. म्हणजे त्या वर्षी मिळालेले एकशे एक रुपये आज फेडायचे तर सुमारे तीनशे ऐंशी रुपये पुरतात. प्रत्यक्षात अशा आहेरापोटी हजार-अकराशे घातले नाहीत तर नाव ठेवले जाते. उलट कोणी अर्ध्या तोळ्याची अंगठी घातली असेल तर काय? २००१ साली सोने तोळ्याला साडेचार हजारांच्या आत होते, २०२५ साली ते लाखाच्या वर गेले. दोन-सव्वादोन हजारांची अंगठी वजनाला वजन धरून फेडायला निघालेला भाचा आज पन्नास हजारांहून अधिक रकमेच्या खाली येतो. शिवाय ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांनी लग्नच केले नाही, त्यांच्या घरी फेडायला कोणीच येत नाही आणि ते आयुष्यभर देतच राहतात. माझी एक आत्या अशीच होती. तिच्या नावापुढे मी किती वेळा आकडा लिहिला याची मोजदाद नाही, परंतु तिचे नाव वर छापलेली वही गावात एकही नव्हती.

शहरांतून अलीकडे आणखी एक रीत निघाली आहे. कार्यालयात ताटाचा दर काय असेल याचा अंदाज घेऊन, आपण किती माणसे जेवणार त्याने गुणून पाकिटात रक्कम घालायची. माझ्या पुण्याच्या पुतण्यानेच मला ती समजावून सांगितली. मला ती अगदी अमान्य आहे. ताट पाचशेचे ठेवायचे की हजाराचे, हे यजमानाने ठरवलेले असते. पाहुणा अक्षता टाकायला आलेला असतो, खाणावळीचे बिल द्यायला नव्हे. पत्रिकेवर “कृपया आहेर आणू नये” असे छापून दारात वहीचे टेबल मांडणाऱ्यांविषयी तर काय लिहावे! त्या ओळीवर विश्वास ठेवून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला अवघडून परत फिरताना मी पाहिले आहे.

वहीविषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते, म्हणून ती इथे सांगतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली जे नियम झाले, त्यांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी करून ती वधूने स्वतःजवळ ठेवायची असते. त्या यादीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या असाव्यात, असे नियम सांगतो. पुढे दुर्दैवाने संसार मोडला तर आपल्या वस्तू परत मागताना मुलीच्या हातात तेवढा एक कागद असतो. मी भरलेल्या वह्यांपैकी एकही वही नवरीच्या हाती गेलेली मला आठवत नाही; त्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेत गेल्या, कारण त्यांतून पुढचे आहेर फेडायचे होते. मुलीच्या हिताची यादी आपण करत नाही आणि पुरुषांच्या मानाची यादी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण माझे खरे सांगणे तिथले आहे.

माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही आणि भावकीतून पिठले-भाकरीच्या पाट्या येतात. या प्रथेइतकी शहाणी प्रथा मी दुसरी पाहिलेली नाही, कारण तिच्यात समोरच्याची भूक पाहून दिले जाते. कोण किती भाकऱ्या घेऊन आला हे कोणी लिहून ठेवत नाही. परंतु हाच शहाणपणा दहाव्या-तेराव्याला कुठे जातो कोण जाणे. त्या दिवशी सोयरे येतात ते पुरुषांना टॉवेल-टोपी आणि बायकांना साड्या घेऊन. माझा एक चुलत भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. तेराव्याच्या संध्याकाळी त्याच्या सोप्यात रचलेली चळत मी मोजली : टॉवेल एकसष्ट, टोप्या बावन्न, साड्या वीस. घरात पुरुष म्हणावेत असे दोघेच, म्हातारे चुलते आणि अकरावीत शिकणारा मुलगा. टॉवेल खळ दिलेले, विरळ विणीचे; पहिल्या धुण्यातच त्यांची जाळी होते आणि अंगावरचे पाणी ते टिपत नाहीत. स्वस्तातले स्वस्त धरले तरी त्या एका दिवसात बाराएक हजार रुपयांचे कापड त्या घरात आले, आणि त्याच दिवशी औषधाच्या दुकानाची नऊ हजारांची बाकी कशी द्यायची म्हणून वहिनी माझ्यापुढे रडत होती. पुढे तिने ती चळत गाठोड्यात बांधून कापड दुकानात नेली. दुकानदाराने निम्म्या किमतीला ती परत घेतली. पुढच्या दुखवट्याला तेच टॉवेल दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडले असतील.

मृत्यूनंतरच्या पहिल्या महिन्यात त्या घरात पैशाची जी अडचण असते, तिची कल्पना बँकेच्या काउंटरमागे बसल्याशिवाय येत नाही. कमावता माणूस गेलेला असतो आणि बचत खाते बहुधा त्याच्या एकट्याच्या नावावर असते. खातेदार वारल्याचे कळल्यावर बँकेला ते खाते पूर्वीसारखे चालू देता येत नाही. नामनिर्देशन केलेले, म्हणजे नॉमिनी लावलेला, असेल तर मृत्यूचा दाखला व ओळखपत्र दिल्यावर रक्कम मिळते, आणि कागदपत्रे पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाही आहे. पण कागदपत्रे पूर्ण होईपर्यंतच महिना-दीड महिना निघून जातो, आणि नामनिर्देशन नसेल तर वारसांच्या सह्या गोळा करण्यात त्याहून अधिक. पासबुकात चाळीस हजार शिल्लक दिसते आणि गिरणीत दळण टाकायला हाताशी पैसे नाहीत, अशा अवस्थेत पदर सावरून समोर उभ्या राहिलेल्या बायका मी शेकड्याने पाहिल्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून वीस हजार रुपये मिळतात. वर्षाला ४३६ रुपये हप्त्याचा जीवनज्योती विमा उतरवलेला असेल तर दोन लाख मिळतात. हे सगळे खरे. पण ते येईपर्यंत रुग्णालयाचे बिल, शववाहिकेचे भाडे, सरणाचे लाकूड, मुलाची शाळेची फी, यांपैकी काहीही थांबत नाही. त्या तीन-चार आठवड्यांत दिलेल्या पाचशे रुपयांना जी किंमत आहे, ती मांडवात दिलेल्या पाच हजारांना नाही.

नाव न लावता कसे द्यावे हे शिकायला दूर जावे लागत नाही. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेकडून मोफत अंत्यसंस्कार होतात आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक दान करतात. होळीच्या सुमारास “होळी लहान करा, शेणी दान करा” अशी हाक दिली जाते आणि तालमी-मंडळांचे लोक शेणी आणून स्मशानात लावून ठेवतात. आपली शेणी कोणाच्या सरणाला लागली हे देणाऱ्याला कधी कळत नाही, आणि ज्याच्या सरणाला ती लागली त्याच्या मुलांवर कोणाचा आहेर चढत नाही.

चुलत भावाच्या वर्षश्राद्धाला आमच्या भावकीची बैठक झाली आणि तीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. टॉवेल-टोपी बंद. त्याऐवजी रोख, आणि तीही तेराव्यापर्यंत न थांबता सावडण्याच्या दिवसापर्यंत, घर चालवणाऱ्या बाईच्या हातात. किती द्यायचे याचे मोजमाप प्रत्येकाच्या स्वतःच्या कमाईवर ठेवले : साधारण ओळखीच्या लग्नाला फार तर अर्ध्या दिवसाची कमाई, जवळच्या लग्नाला एका दिवसाची, आणि भावकीतील मृत्यूला तीन दिवसांची. मजुराचा दिवस म्हणजे त्याची हजेरी, नोकरदाराचा दिवस म्हणजे पगाराचा तिसावा भाग. मजुराचे हजार-बाराशे आणि शिक्षकाचे पाच-सहा हजार अशा रीतीने सारखेच वजनदार होतात, आणि कोणाला मेहुण्याकडे हात पसरावा लागत नाही. जमलेल्या रकमेतून गोडाचे पंगतीचे जेवण घालायचे नाही, हेही स्पष्ट ठरवले. जुन्या लोकांनी कुरकुर केली, दोन सोयऱ्यांनी तर तरीही टॉवेल आणले; ते आम्ही नम्रपणे परत दिले.

यावर एक आक्षेप मला बैठकीतच ऐकवला गेला आणि तो खरा आहे. दुःखाच्या घरी पैसे पुढे केले की माणसे दुखावतात, “आम्ही काय उघड्यावर पडलोय का?” असे म्हणतात. म्हणून देण्याची रीत जपावी लागते. आमच्याकडे आता बायका स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्यामागे पाकीट ठेवून येतात आणि निघताना त्या घरच्या बाईच्या कानात तेवढे सांगतात. काही जण परस्पर वाण्याची किंवा औषध दुकानाची बाकी देऊन टाकतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो दोन दिवस काम बुडवून ग्रामपंचायतीत जातो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, तो दाखला काढून देतो, बँकेचे आणि विम्याचे अर्ज भरून देतो. हेही देणेच आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, पुष्कळ घरांना ते रोख रकमेहून मोठे पडते. यातले काहीही कुठे लिहिले जात नाही, त्यामुळे ते फेडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

येत्या मार्गशीर्षात माझ्या नातीचे लग्न आहे. “आहेर आणू नये” ही ओळ मी पत्रिकेत घातलेली नाही, कारण ज्याला प्रेमाने काही द्यावेसे वाटते त्याला अडवण्याचा मला अधिकार नाही. त्याऐवजी, “आहेर वहीत लिहिला जाणार नाही व पुकारला जाणार नाही” अशी ओळ छापायला दिली आहे. नातीला जे मिळेल त्याची यादी ती स्वतः करील, दोघे तिच्यावर सह्या करतील आणि ती यादी तिच्याच कपाटात राहील. पत्रिका छापणाऱ्याने प्रूफ दाखवताना, “आण्णा, ही ओळ चुकून पडली का?” असे विचारले. मी ती तशीच ठेवून ठळक अक्षरात छापायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
ता. खटाव, जि. सातारा